कुरकुरणारे ब्रेक आणि मालकाची जबाबदारी

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे येताना कणकवली मागे पडली, की काही अंतरावर कसाल लागते. येथून उजव्या हाताला मालवणचा रस्ता फुटतो आणि साधारण तीस किलोमीटरवर समुद्र भेटतो. सरळ पुढे गेल्यास ओरोस, म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय सिंधुदुर्गनगरी, आणि त्यापुढे कुडाळ व सावंतवाडी. फाट्यावरचे गाव असल्यामुळे येथील व्यापाऱ्यांचा बराचसा व्यवहार चाकांवर चालतो. घाटमाथ्यावरून माल उतरतो, फाट्यावर त्याची वाटणी होते आणि छोट्या टेंपोंतून तो गावोगावच्या दुकानांत पोहोचतो. घरची मोटार कोल्हापूरला, कुंभोजच्या बाहुबलीला, निपाणी-बेळगावच्या नातेवाइकांकडे जाते, तीही घाट चढूनच. फोंडा, करूळ, आंबोली यांसारखा एखादा घाट ओलांडल्याशिवाय देशावर जाता येत नाही.

गाडीच्या ब्रेकच्या दृष्टीने हा मुलूख अवघड आहे. समुद्राकडून येणारी खारी, दमट हवा लोखंडाला गंज चढवते. जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि बारीक खडी चाकांच्या आत जाऊन बसते. चार महिने पाऊस कोसळतो. त्या काळात चातुर्मासामुळे पुष्कळ कुटुंबांचा दूरचा प्रवासही कमी होतो आणि गाडी दारात उभी राहते. मग दिवाळीनंतर लग्नकार्ये आणि यात्रा सुरू झाल्या, की हीच गाडी भरल्या कुटुंबानिशी एकदम घाटात नेली जाते. पावसाळाभर गंजत बसलेल्या ब्रेकची खरी परीक्षा त्या दिवशी होते. ती परीक्षा घरच्या अंगणात आधी घेता येते काय? बऱ्याच अंशी येते. त्यासाठी हत्यारांची गरज थोडी आणि कान, नाक, पाय व एका बॅटरीची गरज अधिक असते.

ब्रेकची रचना ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात एवढेच सांगता येईल. बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क व मागे ड्रम असतात. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी बिडाची तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमट्यासारखे दाबतात. हा चिमटा म्हणजे कॅलिपर. ड्रमच्या पोटात अर्धगोलाकार शू असतात. ते आतून बाहेर फाकून ड्रमला घासतात. पायाचा जोर पेडलवरून मास्टर सिलिंडरकडे आणि तेथून नळ्यांतील द्रवाद्वारे प्रत्येक चाकाकडे जातो. बाजारात या द्रवाला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात; वास्तविक ते तेल नाही, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या नावाने नुकसानही झाले आहे.

पॅड आणि शू यांच्यावरचे घर्षणाचे अस्तर, ज्याला गॅरेजमध्ये ‘लायनर’ म्हणतात, त्याचा जन्म मात्र कारखान्यात झालेला नाही. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्यांनी बनविलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेतल्या उतारांवर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी एका चर्मकाराकडून त्यांवर चामड्याचे अस्तर ठोकून घेतले. ब्रेकच्या अस्तराची कल्पना तेथून आली असे मानले जाते. गाडी चालविणाऱ्या गृहिणीने, उतारावर, स्वतः लक्ष देऊन शोधलेला हा उपाय आहे. ब्रेक हा केवळ मेकॅनिकचा विषय, असे म्हणणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

आवाजांची ओळख

सकाळी गाडी काढताना पहिल्या एक-दोन ब्रेकला ‘खर्र’ असा आवाज येतो आणि मग तो नाहीसा होतो, ही कोकणातील सर्वांत सामान्य तक्रार. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डिस्क बिडाची असते. रात्रीच्या दमट हवेत तिच्यावर गंजाचा पातळ थर चढतो आणि पॅड तो खरवडून काढतात. इलेक्ट्रिक मोटारींत हा आवाज अधिक आढळतो, कारण त्यांचा वेग बराचसा मोटरच्या रोधाने कमी होतो आणि पॅड डिस्कला क्वचितच घासतात. मात्र गाडी तीन-चार आठवडे जागची हलली नसेल, तर गंज खोल जातो, पॅड डिस्कला चिकटून बसतात आणि गाडी हलताना ‘कट्’ असा आवाज होऊन ते सुटतात. नंतरही दहा-पंधरा किलोमीटर खरखर कायम राहिली, तर डिस्कला खड्डे पडले आहेत काय हे पाहून घ्यावे. यावरचा सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून आणावी. केवळ जागेवर इंजिन चालू ठेवल्याने बॅटरीला थोडाफार फायदा होतो, ब्रेकला काहीही नाही.

दुसरा आवाज बारीक, शिट्टीसारखा. याच्या दोन जाती आहेत आणि त्यांत भेद करता आला पाहिजे. हलका ब्रेक लावतानाच, कमी वेगात, कधी येणारी आणि कधी न येणारी शिट्टी बहुधा पॅडच्या कंपनामुळे असते: धूळ साचलेली, पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत झालेला, किंवा पॅड बदलताना मागची पातळ पट्टी बसवायची राहून गेलेली. हे त्रासदायक आहे, धोकादायक नव्हे. याउलट, गाडी चालू असताना सतत येणारी आणि ब्रेक दाबताच बदलणारी किंवा थांबणारी चिरचिर ही पुष्कळ गाड्यांत मुद्दाम ठेवलेली सूचना असते. पॅडला एक छोटी पोलादी जीभ जोडलेली असते. अस्तर ठरावीक मर्यादेखाली झिजले की ती डिस्कला टेकून ओरडू लागते. गाडीने स्वतः दिलेली ही नोटीस होय. तिची मुदत काही शे किलोमीटरांची असते, हे विसरून रेडिओचा आवाज वाढविणारे चालक थोडे नाहीत.

तिसरा आवाज दगडावर लोखंड ओढल्यासारखा, खोल, आणि पायाला पेडलमधूनही जाणवणारा. याचा अर्थ अस्तर संपले असून पॅडची पोलादी पाठ थेट डिस्कवर घासत आहे. येथे परीक्षा संपली. गाडी चालवू नये. मेकॅनिकला घरी बोलवावे किंवा गाडी टोचन करून न्यावी. या अवस्थेतील प्रत्येक किलोमीटर डिस्कला चरे पाडतो आणि पॅडच्या किरकोळ खर्चाऐवजी डिस्कचा मोठा खर्च गळ्यात पडतो. पैसे ही दुय्यम बाब. अशा ब्रेकने गाडी थांबण्यास नेहमीपेक्षा किती अंतर लागेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

या तिसऱ्या आवाजासारखाच, पण निरुपद्रवी असा एक आवाज कोकणात वारंवार ऐकू येतो. कच्च्या रस्त्यावरील बारीक खडा डिस्क आणि तिच्यामागील पातळ पत्र्याच्या मध्ये अडकतो व कानठळ्या बसविणारा चीत्कार सुरू होतो. ओळखण्याची खूण अशी, की तो अकस्मात, बहुधा खडीवरून गेल्यावर लगेच सुरू होतो आणि ब्रेक दाबण्या-सोडण्याचा त्यावर फरक पडत नाही. सपाट, मोकळ्या जागेत गाडी पाच-दहा फूट मागे-पुढे केली, की खडा पुष्कळदा गळून पडतो. तसे न झाल्यास चाक काढावे लागते.

खड्ड्यांतून जाताना पुढच्या चाकांतून ‘खडखड’ येत असेल, तर ब्रेकवर पाय अगदी हलका ठेवून पाहावे. आवाज थांबला तर पॅड कॅलिपरमध्ये सैल आहेत. न थांबला तर दोष सस्पेन्शनकडे शोधावा. मागील चाकांतून येणारी घरघर बहुधा ड्रममध्ये साचलेल्या धुळीची असते. तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या टेंपोंचे ड्रम वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, उघडून साफ करून घेणे हिताचे. ही धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत. ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे.

एक गोष्ट कधीही करू नये. कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालण्याची आपली घरगुती सवय ब्रेकवर चालवू नये. पॅडवर किंवा डिस्कवर तेलाचा, ग्रीसचा, गंजनाशक फवाऱ्याचा थेंबही पडता कामा नये. आवाज खरोखरच थांबतो, कारण घर्षणच थांबलेले असते.

पायाला काय जाणवते

आवाजाकडे लक्ष वेधले जाते. पेडलमधला बदल मात्र इतका हळूहळू होतो, की रोज गाडी चालविणाऱ्यास तो कळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, दुकान बंद असण्याच्या दिवशी, सपाट जागी गाडी उभी करून शांतपणे पुढील परीक्षा घ्यावी.

इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते हळूहळू ताठर होत जाईल. तसेच दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल थोडेसे आपोआप खाली गेले पाहिजे. गेले, तर बूस्टर, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणारी यंत्रणा, ठीक आहे. मुळीच हलले नाही, तर बूस्टर अथवा त्याची नळी निकामी आहे. अशा गाडीचा ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. यानंतर इंजिन चालू ठेवून पेडल एकसारख्या जोराने मिनिटभर दाबून धरावे. ते जमिनीकडे सावकाश खचत चालले असेल, तर कोठेतरी गळती आहे, बाहेर किंवा मास्टर सिलिंडरच्या आत. बाहेर एक थेंबही दिसत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. खचणारे पेडल असलेली गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

पेडल लोण्यात पाय रुतल्यासारखे मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावरच घट्ट होत असेल, तर नळ्यांत हवा शिरली आहे. हवा काढणे हे मेकॅनिकचे काम. घरी करू नये. ‘पंप केला की लागतो’ असे सांगत महिनोन्‌महिने टेंपो चालविणारे चालक असतात. अचानक समोर गुरे आली, तर पंप करण्यास वेळ कोण देणार, हे मालकाने त्यांना विचारले पाहिजे.

मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही हे पाहून, ताशी तीस किलोमीटर वेगाने ब्रेक लावावा. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर प्रथम चारही टायरमधील हवा तपासावी. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात. हवा योग्य असूनही गाडी ओढत असेल, तर एका बाजूचा कॅलिपर अडकला असण्याचा संभव आहे. त्याची खात्री उष्णतेवरून होते. पाच-सात किलोमीटर, ब्रेक फारसा न वापरता, गाडी चालवून आणावी आणि चाकांजवळ तळहात नेऊन ऊब पाहावी. डिस्कला स्पर्श करू नये, भाजते. पुढची दोन चाके साधारण सारखी तापलेली असावीत. एकच चाक धगधगत असेल, त्याला जळका वास येत असेल, तर त्याचे पॅड डिस्कला सोडतच नाहीत. मालवण परिसरातील खाऱ्या हवेत कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून हे सर्रास घडते. अशा गाडीचे इंधनही अधिक जळते, आणि मालक त्याचा दोष पंपवाल्याला देतो.

वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग किंवा पेडल थरथरत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही. पावसात जोराने ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली ‘टर्रर्र’ करून थडथडते, ते मात्र एबीएसचे काम आहे. चाक घसरू नये म्हणून ही यंत्रणा ब्रेक क्षणार्धात अनेकदा सोडते व धरते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना ती बंधनकारक आहे. तिच्या थरथरीने घाबरून पाय उचलणारे अनेक आहेत. उलट तेव्हा पाय घट्ट दाबून ठेवायचा असतो.

डोळ्यांनी पाहण्यासारखे

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, बॅटरीच्या उजेडात, चाकाच्या फटींतून पुढचा पॅड दिसतो. नव्या पॅडचे अस्तर साधारण १० मिलिमीटर असते. ३ मिलिमीटरवर आले की बदलण्याची वेळ झाली. आयकराच्या हिशेबात मोटारीवर साधारणतः १५ टक्के घसारा धरतात. पॅडचा घसारा मिलिमीटरमध्ये मोजावा लागतो, एवढाच फरक. येथे एक फसगत होते. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड. सरकत्या पिना अडकल्या असतील, तर आतला पॅड अर्ध्या काळातच संपतो आणि बाहेरचा मात्र नव्यासारखा दिसतो. म्हणून बाहेरचा पॅड चांगला दिसला तरी, चाके अदलाबदल करण्याच्या निमित्ताने, सहा महिन्यांतून एकदा आतला पाहून घ्यावा. त्यासाठी चाक काढायचे असेल तर जमीन सपाट व कठीण हवी, उरलेल्या चाकांना दगडांचा अडसर हवा, आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये.

ड्रम उघडल्याशिवाय दिसत नाहीत. त्यांची झीज हँडब्रेकवरून ओळखावी: गाडीच्या पुस्तिकेत सांगितले आहे त्याहून अधिक ‘कटकट’ ओढावे लागत असेल, तर शू झिजले आहेत किंवा केबल ताणली गेली आहे. मागील टायरच्या आतील बाजूस ओला, तेलकट ओघळ दिसला, तर व्हील सिलिंडर गळत आहे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असल्यास हँडब्रेक ओढून ठेवू नये. शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना अडसर लावावा.

आता त्या तथाकथित ब्रेक ऑइलविषयी. बॉनेटखालच्या लहान पांढुरक्या डबीत ते असते आणि डबीवर कमाल-किमान अशा दोन रेषा असतात. झाकणावर ‘डॉट ३’ किंवा ‘डॉट ४’ असा प्रकार छापलेला असतो, तोच वापरावा. पातळी खाली गेली की वरून भरून मोकळे होणे, ही हिशेबातली तूट उचल घेऊन भरून काढण्यासारखी गोष्ट आहे. पॅड झिजतात तसतसे कॅलिपरचे दट्टे पुढे सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरण्यासाठी द्रव खाली जातो. म्हणजे हळूहळू उतरणारी पातळी ही पॅडच्या झिजेची खतावणीच आहे. ती वरून भरली की पुरावा नाहीसा होतो. पातळी उतरली तर आधी पॅड पाहावेत. पॅड जाड असूनही ती उतरली, तर गळती शोधावी.

हा द्रव हवेतील पाणी शोषून घेतो. कोकणच्या हवेत ही प्रक्रिया जोरात चालते यात नवल नाही. कोरड्या अवस्थेत ‘डॉट ३’ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा मानदंड आहे. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ साठी हे आकडे २३० व १५५ असे आहेत. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय सरळ तळाला टेकतो. म्हणून द्रव दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावा. मधासारखा फिका असलेला द्रव चहासारखा काळपट झाला असेल, तर दोन वर्षांचीही वाट पाहू नये. पावसाळ्यात डबीचे झाकण विनाकारण उघडू नये. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी फडताळात जपून ठेवू नये. आणि ‘ऑइल’ या नावाला भुलून कोणी त्यात इंजिन ऑइल ओतले, तर आतील सारी रबरे फुगून ब्रेकची संपूर्ण यंत्रणा बदलावी लागते.

घाट उतरताना

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. माणसांसह १२०० किलो वजनाची मोटार ६०० मीटर खाली उतरते, तेव्हा तिच्या वजनातून सुटणारी ऊर्जा इतकी असते, की तिने साधारण २२ लिटर थंड पाणी उकळीपर्यंत तापेल. दोन टनांचा भरलेला टेंपो असेल, तर ३७ लिटर. ही सारी उष्णता कोठेतरी गेली पाहिजे. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर इंजिन तिचा मोठा वाटा घेते. गिअर वरचा असेल, तर सारा भार पॅड आणि शू यांच्यावर पडतो. ते तापून घर्षण गमावतात, जळका वास येतो, आणि त्याच वेळी पाणी शोषलेला जुना द्रव उकळू लागतो. ‘घाटात ब्रेक फेल झाला’ ही बातमी पुष्कळदा अशी तयार होते. चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्रशुद्ध आहे. पाय ब्रेकवर सतत टेकवून ठेवण्यापेक्षा अधूनमधून ठामपणे दाबून सोडावा. वास येऊ लागला, की सुरक्षित जागी थांबून अर्धा तास ब्रेक निवू द्यावेत; तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, तिला तडा जाऊ शकतो.

इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे, किंवा इंजिनच बंद करणे, ही सवय व्यापारी वाहनांत अजून आढळते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यातील नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने कित्येक वाहनांना ठोकरले. प्रथम ब्रेक निकामी झाल्याचे बोलले गेले. पुढे तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे समोर आले. इंजिन बंद झाले की बूस्टरचा आधार दोन-तीन दाबांत संपतो. शिवाय बचतीचा हिशेबही चुकीचा आहे. आजच्या इंजिनांत, गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते.

दुचाकीबाबत थोडेच सांगायचे आहे, पण घरातील मुले-मुली रोज तीच वापरतात. ड्रम ब्रेकच्या स्कूटरवर ब्रेकच्या दांडीपाशी एक बाण आणि ड्रमवर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोहोचला, की शू संपले. नुसती केबल आवळून घेतल्याने ही झीज काही काळ झाकली जाते, एवढेच. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलका धरून शंभर-दोनशे फूट चालवावे, म्हणजे अस्तर कोरडे होते.

जबाबदारी कोणाची

दुकानाचा टेंपो बहुधा पगारी चालक चालवितो, आणि ब्रेकची पहिली कुरकुर त्याच्या कानी पडते. ती मालकापर्यंत पोहोचतेच असे नाही. सांगितले तर गाडी एक दिवस उभी राहणार, फेरी बुडणार आणि बोलणी खावी लागणार, हे त्याला ठाऊक असते. कायद्याची भूमिका मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार, जो दोष माहीत आहे, किंवा सामान्य काळजी घेतली असती तर समजला असता, असा धोकादायक दोष असलेले वाहन चालविणारा आणि ते चालवू देणारा, असे दोघेही दोषी ठरतात. अशा दोषामुळे अपघात होऊन कोणास इजा झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ‘मला कोणी सांगितलेच नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

नुकसानभरपाईच्या दाव्यांतही हाच निकष लागतो. मुंबई उच्च न्यायालयाकडून आलेल्या मिनू मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटले, की अपघात यांत्रिक दोषामुळे झाला असा बचाव करणाऱ्या मालकाने तो दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो कळण्यासारखा नव्हता, हे मांडले पाहिजे. ओरडणारा पॅड सुप्त म्हणता येत नाही. वाहनाच्या विमापत्रातही गाडी सुस्थितीत राखण्यासाठी वाजवी खबरदारी घेण्याची अट असते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करताना ती वाचून दाखविली जाते, तेव्हा पुष्कळांना ती प्रथमच ऐकू येते.

व्यापारी घराला यावरचा उपाय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. जसा रोजमेळ, तशी प्रत्येक वाहनाची एक वही असावी. तारीख, किलोमीटर, चालकाने ऐकलेला आवाज, पॅडची जाडी, द्रव बदलल्याचा दिवस, गॅरेजची पावती. ‘आवाज येतो’ एवढे लिहून भागत नाही. पुढून की मागून, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, थंड असताना की तापल्यावर, सरळ जाताना की वळताना, हे लिहिले तर मेकॅनिकचा अर्धा वेळ आणि मालकाचा अर्धा खर्च वाचतो. आणि आवाज आल्याचे सांगणाऱ्या चालकाचा त्या दिवसाचा पगार कापू नये. पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

काम करून घेताना एका चाकाचेच पॅड बदलण्याचा आग्रह धरू नये. एकाच बाजूचे नवे घातले तर गाडी ओढू लागते. पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही एकत्र बदलावेत आणि काढलेले जुने पॅड परत मागून पाहावेत. आतला व बाहेरचा यांच्या जाडीत मोठा फरक असेल, तर पिना साफ केल्या काय हे विचारावे. नवे पॅड डिस्कवर नीट बसण्यास साधारण दोन-तीनशे किलोमीटर जावे लागतात आणि तोवर त्यांची पकड पुरती येत नाही. म्हणून कोल्हापूरच्या लग्नासाठी शुक्रवारी निघायचे आणि गुरुवारी संध्याकाळी पॅड बदलून घ्यायचे, असे करू नये. पंधरा दिवस आधी बदलून मालवण-कुडाळच्या सपाट रस्त्यांवर गाडी फिरवावी, आणि मगच आंबोलीचा किंवा फोंड्याचा घाट धरावा.